महालक्ष्मीचे मैदान : एका वादाचे परीक्षण

ग्रंथाचे परीक्षण करावे तसे एखाद्या सार्वजनिक वादाचे परीक्षण करता येईल काय, असे कोणी विचारल्यास होकारार्थी उत्तर द्यावयास हरकत नाही. ग्रंथास जशी भाषा असते तशी वादासही असते. ग्रंथकार जसा काही आवडत्या शब्दांच्या आहारी जातो, तसेच वादी-प्रतिवादीही जातात. आणि ग्रंथाचा खरा विषय जसा कधी कधी ग्रंथकाराच्या हातून निसटून जातो, तसा वादाचा विषयही शेकडो लेख, भाषणे व पत्रके होऊन गेल्यावर जागच्या जागी अस्पर्शित राहिलेला आढळतो. मुंबईस महालक्ष्मी येथे घोड्यांच्या शर्यतीचे जे जुने मैदान आहे, त्याच्या नूतनीकरणाविषयी २०१३ सालापासून जो वाद माजला, तो आमच्या मते या तिसऱ्या प्रकारचा होय.

यवतमाळात राहणाऱ्या माणसाने मुंबईच्या रेसकोर्सची उठाठेव का करावी, ही शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या जिल्ह्यातील बहुतेकांनी ते मैदान लोकलच्या खिडकीतून फार तर पाहिले असेल. परंतु शहराच्या मध्यभागी असलेली मोकळी जमीन कोणाची, तिचा उपयोग कोणी ठरवावयाचा, आणि 'सुधारणा' या शब्दाखाली तिचे काय होते, हा प्रश्न मुंबईपुरता नाही. तो यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथेही आहे. फरक इतकाच की मुंबईत तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला असल्यामुळे वाचावयास सोपा पडतो.

प्रथम त्या जमिनीची हकीकत पाहू. आज जेथे घोडे धावतात, तेथे एके काळी भरतीचे पाणी शिरत असे. मुंबईची बेटे निरनिराळी होती तेव्हा महालक्ष्मी व वरळी यांच्या दरम्यानच्या खिंडीतून समुद्र आत येई, आणि आतील सखल प्रदेश दलदलीचा होऊन राही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दीत त्या खिंडीस बांध घालण्यात आला. 'हॉर्नबी वेलार्ड' या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. बांध पुनःपुन्हा ढासळे, तेव्हा रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू गृहस्थास देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती बाहेर काढविली आणि मग काम सिद्धीस गेले, अशी आख्यायिका आहे. महालक्ष्मीच्या देवळाची उत्पत्ती लोक याच गोष्टीने सांगतात. आख्यायिकेचा ऐतिहासिक कस काहीही असो. तिच्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. ही भूमी कोणा एका श्रीमंताने विकत घेऊन निर्माण केलेली नाही. ती समुद्रापासून, सार्वजनिक खर्चाने व अनेकांच्या श्रमाने मिळविलेली आहे.

मुंबईत घोड्यांच्या शर्यती आधी भायखळ्यास होत असत. त्या महालक्ष्मीच्या सखल मैदानात आल्या १८८३ साली. मैदानाची आखणी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरच्या शर्यतीच्या मैदानावरून केली होती. १९३५ साली बादशहा पंचम जॉर्ज याने तेथील क्लबास 'रॉयल' हे उपपद दिले, आणि तेव्हापासून तो 'रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब' झाला. १९४३ साली येथेच पहिली 'इंडियन डर्बी' धावली. ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. पुढे बादशहा गेला, महाराजांची संस्थाने गेली. उपपद मात्र राहिले, आणि डर्बीही राहिली. २,४०० मीटरांची ती शर्यत अजूनही हिवाळ्याच्या शेवटी धावते.

आता वादाची हकीकत. या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मुंबई महानगरपालिकेचा व उरलेला राज्यसरकारचा. क्लबाकडे ती भाडेपट्ट्याने होती, आणि त्या पट्ट्याची मुदत ३१ मे २०१३ रोजी संपली. मुदत संपताच मैदानाचे काय करावे याविषयी सूचनांचा पूर आला. महापालिकेत त्या वेळी सत्तेवर असलेल्या शिवसेनेने तेथे 'थीम पार्क' करावे असा आग्रह धरला. क्लबाने पट्टा वाढवून मागितला. नागरिकांच्या संस्थांनी मैदान आहे तसेच ठेवावे असे म्हटले. त्यानंतर दहा वर्षे या प्रश्नाचा निकाल लागला नाही. २०२३ च्या अखेरीस तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा तबेल्यांच्या नूतनीकरणावर सार्वजनिक तिजोरीतून सुमारे १०० कोटी रुपये खर्चावे या सूचनेवरून विरोधकांनी मोठा गहजब केला. २०२४ च्या जानेवारीत क्लबाच्या सभासदांनी मतदान करून तडजोडीस संमती दिली, आणि त्याच वर्षी मंत्रिमंडळाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. तडजोड अशी : २११ एकरांपैकी १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी घ्यावी, शर्यतीच्या धावपट्टीसह ९१ एकर जमीन नव्या पट्ट्याने तीस वर्षे क्लबाकडे राहावी, आणि ते उद्यान सागरी किनारा मार्गालगतच्या सुमारे १७५ एकर मोकळ्या जागेशी जोडून 'मुंबई सेंट्रल पार्क' निर्माण करावे.

या दीर्घ वादात जे पक्ष उतरले, त्यांच्या युक्तिवादांचे गुणदोष आता क्रमाने पाहावयाचे आहेत.

पहिला पक्ष वारशाचा. त्याचे म्हणणे असे की, प्रेक्षकांसाठी बांधलेली तेथील जुनी सज्जाची इमारत वारसा-वास्तूंच्या यादीत आहे. मैदान शंभराहून अधिक वर्षांचे आहे. जॉकी, शिक्षक, मोतद्दार, नालबंद अशी अनेक माणसे तेथे पोट भरतात. आणि ही परंपरा एकदा मोडली म्हणजे पुन्हा उभी करता येणार नाही. यातील मोतद्दार-नालबंदांविषयीचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. ज्या माणसाची तीन पिढ्यांची विद्या घोड्याच्या खुराशी बांधलेली आहे, त्यास उद्यानात माळी म्हणून नेमतो असे सांगणे सोपे, परंतु न्याय्य नव्हे. तथापि 'वारसा' हा शब्द ज्या मोठ्या आवाजात उच्चारला जातो, तितके त्याचे वजन येथे भरत नाही. वारसा म्हणावयाचा तर त्याचे वारसदार कोण, हे आधी सांगितले पाहिजे. बाजारभावाच्या मानाने नाममात्र भाड्यावर शहराच्या मधोमध दोनशे एकर जमीन वापरावयाची, सकाळी फिरावयास येणाऱ्यांकरिता फाटक काही वेळ उघडे ठेवावयाचे, आणि एवढ्या औदार्यास 'जनतेचा वारसा' म्हणावयाचे, ही शब्दाची ओढाताण आहे. जनतेचा वारसा ज्याच्या ताब्यात असतो, तो त्याचा विश्वस्त असतो. विश्वस्ताने मालकासारखे वागू नये, एवढेच त्यास सांगावयाचे असते. आणि नेमके तेच या पक्षाने स्वतःस सांगितले नाही.

दुसरा पक्ष नीतीचा. याचे बळ आमच्या मध्यमवर्गीय घरांतून फार आहे, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. 'रेसचा नाद' हे शब्द आपल्या घरात ज्या स्वराने उच्चारले जातात, तो स्वर प्रत्येक वाचकाच्या कानात असेल. रेसपायी घर बसले, दागिने मोडले, नोकरी गेली, असे एखादे उदाहरण बहुतेक कुटुंबांच्या आठवणीत असते. तेव्हा हा जुगाराचा अड्डा एकदाचा जाऊ द्या, असे कोणी म्हटले तर माना डोलतात. कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. १९१२ सालच्या कायद्याने शर्यतीच्या मैदानांस परवाना देण्याची व्यवस्था झाली, आणि घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ दैवाचा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. अर्थात कायद्याने जे क्षम्य ठरविले ते नीतीनेही स्तुत्य मानावे, असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. मैदान काढल्याने नाद जात नाही. पैजा लावणारास आता महालक्ष्मीपर्यंत जाण्याची गरज उरलेली नाही. त्याचा अड्डा त्याच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. व्यसन घालविण्यासाठी जमीन घेतली, आणि व्यसन तर राहिले पण जमीनही गेली, असे होऊ नये म्हणजे मिळविली. जमिनीचा प्रश्न नीतीच्या तराजूत घातला की जमीन मोजण्याचे काम तहकूब होते. आणि ते तहकूब व्हावे अशी इच्छा असणारेही जगात असतात.

तिसरा पक्ष सुधारणेचा. त्याच्या शब्दसंग्रहात 'जागतिक दर्जा' हा शब्द वारंवार येतो. उद्यानास न्यूयॉर्क येथील प्रसिद्ध उद्यानाचे नाव दिले आहे, त्यावरूनही ही हौस दिसून येते. न्यूयॉर्कचे 'सेंट्रल पार्क' ८४३ एकरांचे आहे. मुंबईचे, किनाऱ्यावरील जागा धरूनही, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे मोठे. पण नाव घ्यावयाचे तर त्याचा सगळा इतिहास घ्यावा. तेथील उद्यानासाठी १८५७ साली 'सेनेका व्हिलेज' नावाची वस्ती उठविण्यात आली. तिच्यात मुख्यतः कृष्णवर्णीय लोकांची स्वतःच्या मालकीची घरे होती. त्या वस्तीची आठवण न्यूयॉर्ककरांस होण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. सर्वांसाठी म्हणून केलेल्या सुधारणेतही कोणीतरी 'सर्वांत' मोजला जात नाही, हा धडा त्या नावाबरोबर आपोआप येतो.

सुधारणेच्या पक्षाने आणखी एक चमत्कारिक युक्तिवाद केला. जमिनीवर बांधकाम करणार नाही, असे अभिवचन देऊन जमिनीखाली क्रीडासंकुल व मार्ग करावयाची कल्पना पुढे आली. वरवर पाहता यात आक्षेपार्ह काही नाही, असे वाटते. कारण वर गवत राहणारच. पण जमीन म्हणजे काही सतरंजी नव्हे की वरून दिसली म्हणजे झाले. तिला खोली असते. झाडाची मुळे त्या खोलीत जातात, पावसाचे पाणी त्या खोलीत मुरते. समुद्र हटवून मिळविलेल्या सखल भूमीस तर ही खोली अधिकच महत्त्वाची. कारण मुंबईच्या पावसाचे पाणी जिरावयास जी थोडी उघडी माती उरली आहे, तिच्यापैकी ही एक. खाली छत बांधून वर दोन हात माती पसरली म्हणजे ते मैदान राहत नाही, ती गच्ची होते. गच्चीवरही बाग करता येते. पण तिला कोणी वटवृक्षाची जागा म्हणत नाही.

चौथा पक्ष, म्हणजे 'मोकळी जागा वाचवा' म्हणणारा, आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. म्हणूनच त्याचे परीक्षण अधिक कठोरपणे केले पाहिजे. मोठ्या शहरात दर माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे नगररचनेच्या केंद्रीय मार्गदर्शक नियमांत म्हटले आहे. मुंबईत ती दोन चौरस मीटरही भरत नाही. हे मान्य करून आता एक साधा हिशेब करू. १२० एकर म्हणजे सुमारे ४ लक्ष ८५ हजार चौरस मीटर. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची वस्ती १ कोटी २४ लक्ष. भागाकार केला म्हणजे प्रत्येक मुंबईकराच्या वाट्यास जो तुकडा येतो, तो जेमतेम एक वीत लांब व एक वीत रुंद. इतक्या तुकड्यावर माणसाचे एक पाऊलही पुरते मावत नाही. शिवाय हा तुकडा नव्याने निर्माण होणारा नाही. तो आजही मोकळाच आहे. फक्त त्याचे फाटक दुसऱ्याच्या हाती होते. तेव्हा शहराची मोकळी जागा वाढली, असे जे म्हटले जाते, ते गणिताच्या दृष्टीने खरे नाही. वाढला तो प्रवेशाचा हक्क. हा लाभ क्षुल्लक नाही, मोठाच आहे. पण त्यास त्याच्याच नावाने ओळखावे. आणि ज्यांना सकाळी तेथे फिरण्याची मुभा होती, त्यांनी 'आहे तसेच राहू द्या' म्हणावे यात थोडा स्वार्थ होता, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. 'आहे तसे' हे त्यांच्यासाठी मैदान होते. आसपासच्या गिरणगावातील चाळकऱ्यास ती भिंत होती.

असे हे चार पक्ष. यांच्यापैकी एकानेही जो प्रश्न नीट विचारला नाही, तो आमच्या मते या वादाचा खरा विषय आहे. मुंबईसारख्या शहरात, जेथे तसूतसू जमिनीसाठी माणसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, तेथे एवढी जमीन एकशेचाळीस वर्षे मोकळी राहिली तरी कशी?

याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. कोणा दूरदर्शी नगरपित्याने ती राखली नाही, कोणा दानशूराने नाही, कोणा चळवळीने तर नाहीच. ती राखली घोड्याने. वेगाने धावणाऱ्या घोड्यास आखूड वळण घेता येत नाही, म्हणून धावपट्टी लांबरुंद व लंबगोल करावी लागते. आणि ज्याने पैज लावली आहे, त्यास सज्जात बसून पलीकडच्या टोकाचा आपला घोडा दिसला पाहिजे, म्हणून त्या लंबगोलाच्या पोटात दृष्टी अडेल असे काही बांधता येत नाही. जुगाऱ्याच्या नजरेची ही गरज एवढ्या जमिनीची राखण करीत बसली. जे काम सद्गुणांस साधले नाही ते एका व्यसनाने साधले. या उपरोधाकडे आमच्या नीतिवाद्यांनी व सुधारणावाद्यांनीही थोडे थांबून पाहिले असते, तर त्यांची भाषा बदलली असती. कारण आता तो पहारेकरी निम्म्याहून अधिक जमिनीवरून हलविला आहे. त्याच्या जागी दुसरा पहारेकरी कोण, हा प्रश्न उरतो. उद्यान हे नाव काही पहारेकरी नव्हे. उद्यानात प्रथम उपाहारगृह येते, मग वाहनतळ येतो, मग कोणाचे तरी स्मारक येते, मग त्या स्मारकास कुंपण येते. प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर उपयुक्त असते, आणि सर्व मिळून मैदान नाहीसे करतात.

मुंबईत घोडा व माणूस यांच्यामधील जमिनीचा तंटा नवा नाही, हे येथे सांगितले पाहिजे. महालक्ष्मीचे मैदान ज्या वर्षांत आखले जात होते, त्याच सुमारास किल्ल्याबाहेरील एस्प्लनेडच्या मैदानावर दुसराच एक वाद चालू होता. तेथे पारशी व हिंदू तरुण क्रिकेट खेळत. आणि तेथेच जिमखान्याचे युरोपियन सभासद पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी मैदान उखडले जाई व क्रिकेटची खेळपट्टी निकामी होई. खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग फिरला, मग पुन्हा झगडा झाला. या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने १८९७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्या वादाचे वैशिष्ट्य असे की, अर्ज करणाऱ्यांस आपणास काय हवे ते नेमके ठाऊक होते. त्यांनी वारसा, नीती, जागतिक दर्जा यांपैकी काहीच मागितले नाही. त्यांनी जमिनीचा सपाट, मोकळा तुकडा मागितला, आणि तो कोणाच्या उपयोगाचा हे स्वच्छ शब्दांत सांगितले. एकशेचाळीस वर्षांनंतरच्या आमच्या वादात एवढी स्पष्टता नसावी, हे खेदजनक आहे.

इतर शहरांत काय घडले तेही पाहण्याजोगे आहे. २०२४ हे वर्ष शर्यतीच्या मैदानांस फारच प्रतिकूल गेले. तामिळनाडू सरकारने जुलैत उटीचे मैदान व सप्टेंबरात चेन्नईतील गिंडीचे सुमारे १६० एकरांचे मैदान आपल्या ताब्यात घेतले. सिंगापुरात ऑक्टोबरात शेवटची शर्यत धावली व तेथील जमीन सरकारकडे जावयाचे ठरले. उलट हाँगकाँगच्या 'हॅपी व्हॅली'त धावपट्टीच्या पोटातच लोकांसाठी खेळाची मैदाने आहेत. शर्यतीच्या दिवशी घोडे, इतर दिवशी मुले. म्हणजे घोडा तरी ठेवा किंवा लोक तरी आणा, असा पर्याय अटळ नव्हता. महालक्ष्मीच्या तडजोडीतही धावपट्टी राहिली आहे व तिच्याजवळ लोकांस प्रवेश मिळावयाचा आहे. तत्त्वतः ही गोष्ट चांगली आहे, आणि केवळ ती अमुक सरकारने केली म्हणून तिला नावे ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

परंतु ती कोणत्या रीतीने झाली, याविषयी मौन पाळता येत नाही. क्लबाने आपल्या सभासदांचे मत घेतले. सातशेच्या आसपास मते पडली, व त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश तडजोडीच्या बाजूची निघाली. म्हणजे क्लबाच्या कारभारात लोकशाही पाळली गेली. शहराच्या बाजूने काय झाले? मुंबई महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, आणि हा निर्णय झाला तेव्हा तेथे एकही नगरसेवक नव्हता. सर्व कारभार प्रशासकाच्या हाती होता. सातशे सभासदांस विचारण्यात आले, आणि सव्वा कोटी मालकांच्या वतीने विचारावयास सभागृहात कोणी नव्हते. या वादाचे जर एकच वाक्यात परीक्षण करावयाचे झाले, तर आम्ही हेच वाक्य लिहू.

आता थोडे आपल्या मुलखाकडे वळू. कारण शर्यत आम्हांसही अपरिचित नाही. खरिपाचे पीक घरात आले म्हणजे वऱ्हाडात शंकरपट भरतात. आमच्या जिल्ह्याच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर दूरवर प्रसिद्ध आहे. बैलांची जोडी, हलकी गाडी, वर एक धुरकरी, आणि सरळ धाव. सारा खेळ काही सेकंदांत आटोपतो, व त्यातील क्षणाचा शतांश घड्याळाने मोजतात. या खेळासही कोर्टाची वाट चालावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींस तात्पुरती मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. बैलांच्या छळाविषयी त्या काळात जे आक्षेप आले ते पोकळ नव्हते, आणि पटाच्या चाहत्यांनी ते विसरू नयेत. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पटाची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बहुतेक गावी पटाची जागा म्हणजे कापणी झालेले रान. चार दिवस तेथे गर्दी होते, धूळ उडते, दुकाने लागतात. आणि पुढच्या हंगामात नांगर फिरला की ते रान पुन्हा शेत होते. खेळासाठी जमीन उसनी घेतली होती, ती परत केली. गावास हे जमते, कारण गावात जमिनीचे मुख्य काम सर्वांस ठाऊक असते. शहरात मात्र एकदा बदललेली जमीन पूर्ववत होत नाही. दगड-सिमेंटातून पुन्हा माती काढण्याची विद्या अजून कोणास साधलेली नाही.

आणि आमची शहरे? यवतमाळचे पोस्टल ग्राऊंड, म्हणजेच समता मैदान, घ्या. २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ब्याण्णवावे अधिवेशन तेथेच भरले. मंडप उभा राहिला, ग्रंथांची दुकाने लागली, गावोगावचे वाचक आले. चार दिवसांनी मंडप उतरला आणि मैदान पुन्हा मैदान झाले. त्या जागेवर कोणी आधी एखादे देखणे 'सांस्कृतिक उद्यान' बांधून ठेवले असते, कारंजी बसविली असती, पायवाटा आखल्या असत्या, तर संस्कृतीच्या या उत्सवास संस्कृतीच्याच उद्यानात जागा मिळाली नसती. रिकाम्या मैदानाचे हेच सामर्थ्य आहे. त्याचा एक ठराविक उपयोग नसतो, म्हणून ते सर्व उपयोगांस पुरते : सकाळी कवायत, दुपारी पोरांचा खेळ, संध्याकाळी सभा, अश्विनात उत्सव. जिल्ह्याच्या गावोगावी अशा जागा आहेत, आणि त्या प्रत्येकीवर कोणाच्या तरी कपाटात एक 'सौंदर्यीकरणा'चा नकाशा पडलेला असण्याचा संभव आहे. महालक्ष्मीच्या वादाचा निकाल जो पायंडा पाडील, तो या कपाटांपर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही.

तेव्हा केवळ दोषदिग्दर्शन करून थांबणे बरे नव्हे. महालक्ष्मीच्या उद्यानास आमचा विरोध नाही. फाटक उघडले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण घोड्याने जी राखण केली ती आता कायद्याने केली पाहिजे, आणि त्यासाठी तीन अटी पुरेशा आहेत. पहिली, या १२० एकरांत जमिनीच्या वर अथवा खाली पक्के बांधकाम होणार नाही, हे जाहीर सभेतील अभिवचनात नव्हे तर जमिनीच्या दप्तरात नमूद व्हावे. दुसरी, प्रवेशास शुल्क नसावे व फाटक सर्वांस सारखे असावे. क्लबाच्या सभासदास एक आणि चाळकऱ्यास दुसरे, असे नसावे. तिसरी, पुढे यात कोणताही फेरफार करावयाचा झाल्यास तो निर्वाचित सभागृहापुढे, उघड चर्चेने व नोंदलेल्या मतदानाने व्हावा. उरलेल्या ९१ एकरांवर घोडे धावोत. ज्यांस हौस असेल त्यांनी पाहावे, आणि मोतद्दारांची मुलेही ज्या उद्यानात खेळू शकतील असे उद्यान पलीकडे असावे. क्लबाचा नवा पट्टा तीस वर्षांचा आहे. तो संपेल तेव्हा हा वाद पुन्हा उभा राहणार, यात शंका नाही. त्या वेळी वाद करणाऱ्यांस निदान वाद करण्याजोगी जमीन शिल्लक असली पाहिजे.

सुधारणेचे सामर्थ्य बांधण्यात दिसते, ही समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. जे बांधले त्याचे उद्घाटन करता येते, त्यावर नावाची शिळा बसविता येते. जे बांधले नाही त्याचे उद्घाटन कोण करणार? परंतु समुद्र हटवून ज्यांनी ती भूमी मिळविली, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास माहीत नाहीत, आणि तरी त्यांचे काम टिकले. ती भूमी उघडी राखणारांची नावेही कोठे कोरली जाणार नाहीत. एवढ्यावर समाधान मानणारे नागरिक ज्या शहरात पुरेसे असतील, त्या शहराची मैदाने राहतील. ही गोष्ट मुंबईइतकीच यवतमाळासही लागू आहे.